मुद्देमालाचं सील आणि जनसुरक्षा : विधिमंडळाच्या सदस्यांना खुलं पत्र

महाराष्ट्र विधानसभा आणि विधान परिषदेच्या सर्व सन्माननीय सदस्यांस,



१० जुलै २०२५ रोजी विधानसभेने ‘महाराष्ट्र विशेष जनसुरक्षा विधेयक’ आवाजी मतदानाने मंजूर केलं. डहाणूचे आमदार विनोद निकोले विरोधात उभे राहिले. दुसऱ्या दिवशी विधान परिषदेत विरोधकांनी सभात्याग केला आणि तिथेही ते मंजूर झालं. त्या दिवशी तारीख होती ११ जुलै. २००६ साली याच तारखेला संध्याकाळी पश्चिम रेल्वेच्या सात लोकलमध्ये, घरी परतणाऱ्यांनी खच्चून भरलेल्या पहिल्या वर्गाच्या डब्यांत, काही मिनिटांच्या अंतराने स्फोट झाले. १८९ माणसं गेली, आठशेहून जास्त जखमी झाली.

तुमच्या मंजुरीनंतर दहाच दिवसांनी, २१ जुलैला, मुंबई उच्च न्यायालयाने त्या खटल्यातल्या सर्व बारा आरोपींना निर्दोष ठरवलं. त्यांतल्या पाच जणांना विशेष मोक्का न्यायालयाने २०१५ मध्ये फाशी सुनावली होती, सात जणांना जन्मठेप. एक जण २०२१ मध्ये नागपूरच्या तुरुंगात कोरोनाने वारला. तो निर्दोष असल्याचा निकाल त्याच्या घरच्यांनी ऐकला. तीन दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरायला मनाई केली, पण सुटलेल्यांना पुन्हा आत पाठवलं नाही. राज्य सरकारने तिथे अपील केलं आहे. आणि ३१ जुलैला २००८ च्या मालेगाव स्फोटाचा निकाल आला. सहा माणसं मेली होती, सतरा वर्षं गेली होती, सातही आरोपी सुटले.

या दोन खटल्यांतल्या आरोपींचे धर्म वेगळे, त्यांच्या अटकेनंतर रस्त्यावर उतरलेले पक्ष वेगळे, निकालानंतर पेढे वाटणारे वेगळे. निकालाचं कारण मात्र एकच होतं : सरकार पक्षाला गुन्हा शाबित करता आला नाही.

मी जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करतो. आरोपीच्या बाजूने उभा राहिलो आहे आणि ज्यांच्या घरातलं माणूस गेलं त्यांच्या बाजूनेही. म्हणून तुम्हाला विचारतो : या दोन्ही खटल्यांत पोलिसांकडे नेमका कोणता कायदा नव्हता?

लोकल स्फोटांच्या खटल्यात मोक्का होता, केंद्राचा दहशतवादविरोधी यूएपीए कायदा होता, स्फोटक पदार्थांचा कायदा होता, भारतीय दंड संहिता तर होतीच. मोक्का हा संघटित गुन्हेगारीविरुद्धचा, आपल्याच विधिमंडळाचा, १९९९ चा कायदा. त्याच्या कलम १८ प्रमाणे पोलीस अधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब पुरावा म्हणून चालतो. साध्या खुनाच्या खटल्यात तो चालत नाही. पोलिसांपुढची कबुली कशी मिळवली जाते हे इंग्रजांनाही ठाऊक होतं, म्हणून १८७२ च्या पुरावा कायद्यातच तिला दार बंद केलं गेलं. आपण ते दार उघडलं आणि तपास त्याच दारातून आत शिरला. या खटल्यात कबुलीजबाब पुरावा म्हणून ठेवले गेले. उच्च न्यायालयाने वाचले तेव्हा वेगवेगळ्या माणसांच्या जबाबांतले परिच्छेदच्या परिच्छेद एकसारखे निघाले. आरोपींचा छळ झाल्याचं न्यायालयाने मान्य केलं आणि ते सगळे जबाब बाजूला ठेवले. उरलेल्या पुराव्यात टॅक्सीचालक होते, जे घटनेनंतर शंभराहून अधिक दिवस गप्प राहिले होते. ओळख परेड होती, जी घेणाऱ्याला ती घेण्याचा अधिकारच नव्हता. जप्त केलेली स्फोटकं होती, पण ती नीट सीलबंद ठेवली गेली नव्हती. बॉम्ब कोणत्या प्रकारचे होते, एवढंसुद्धा सरकार पक्षाला सिद्ध करता आलं नाही.

त्या सीलबद्दल थोडं सविस्तर सांगतो. तुमच्यापैकी जे वकील नाहीत त्यांना ही फार किरकोळ गोष्ट वाटेल, पण खटले इथेच जिंकले आणि हरले जातात. घटनास्थळी पोलीस काही उचलतात तेव्हा दोन पंच बोलावले जातात. वस्तू पाकिटात जाते, पाकिटावर लेबल लागतं, लेबलावर पंचांच्या आणि तपासी अंमलदाराच्या सह्या होतात, दोऱ्याच्या गाठीवर लाख ओतून त्यावर सीलचा ठसा उठवला जातो. मग ते पाकीट ठाण्यात मुद्देमाल कारकुनाकडे जातं, त्याच्या रजिस्टरला नोंद होते. पुढे एखादा हवालदार ते कलिन्याच्या प्रयोगशाळेत नेऊन देतो, पोच घेतो, आणि प्रयोगशाळा अहवालात लिहिते की सील शाबूत होतं, नमुन्याच्या ठशाशी जुळत होतं. यातली एक कडी तुटली तर पाकिटातली पावडर आरडीएक्स असो की आणखी काही, ती आरोपीच्या घरातली होती असं कुणीही छातीठोकपणे सांगू शकत नाही. या साखळीसाठी नवा कायदा लागत नाही. लाख लागते, प्रशिक्षित माणूस लागतो, घाईगर्दीतही नोंद करण्याची शिस्त लागते, आणि ‘आरोपी कबूल झालाय, आता कशाला’ असं न म्हणणारा वरिष्ठ लागतो.

हा शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचा आहे. पोलिसांवरचं कायद्याचं बंधन जितकं सैल, तितका तपास आळशी. कबुलीवर काम भागणार असेल तर कॉल रेकॉर्ड कोण धुंडाळणार? जामीन मिळणारच नसेल आणि दोषारोपपत्राला १८० दिवस असतील, तर पहिल्या आठवड्यातल्या पुराव्यासाठी जिवाचं रान कोण करणार? मालेगावातच २००६ साली बडा कब्रस्तानजवळ स्फोट झाले. मोक्काखाली नऊ मुसलमानांना पकडलं गेलं. त्यांनी जवळपास पाच वर्षं तुरुंगात काढली, आणि २०१६ मध्ये न्यायालयाने त्यांना आरोपमुक्त केलं. चुकीची माणसं आत होती तेवढा काळ बरोबर माणसं बाहेर होती. ज्यांची मुलं त्या दिवशी नमाजाहून परतली नाहीत, त्यांना कोणी काय दिलं?

आता याच राज्यात झालेला दुसरा खटला आठवा. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईवर हल्ला झाला, १६६ माणसं मारली गेली. पोलीस खात्यातल्या तुकाराम ओंबळे यांनी गिरगाव चौपाटीवर आपल्या अंगावर गोळ्या घेऊन हल्लेखोर कसाबला धरून ठेवलं. तीन महिन्यांत दोषारोपपत्र दाखल झालं, दीड वर्षाच्या आत, मे २०१० मध्ये, विशेष न्यायाधीश ताहिलियानी यांच्या न्यायालयाने निकाल दिला, ऑगस्ट २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो कायम केला आणि त्याच नोव्हेंबरमध्ये येरवड्यात फाशी झाली. त्या खटल्यात प्रत्यक्षदर्शी होते, सीसीटीव्ही होता, वृत्तछायाचित्रकारांनी सीएसएमटीवर काढलेले फोटो होते. कबुलीजबाब होता, तोही दंडाधिकाऱ्यापुढे नोंदवलेला. त्याच खटल्यात दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले आणि ती सुटका सर्वोच्च न्यायालयापर्यंत टिकली. म्हणजे न्यायालयाने डोळे झाकून शिक्का मारला नाही, म्हणूनच जगात कुणालाही त्या निकालाकडे बोट दाखवता आलं नाही. हे आपल्याच पोलिसांनी, आपल्याच वकिलांनी करून दाखवलेलं आहे.

या पार्श्वभूमीवर तुम्ही मंजूर केलेलं विधेयक मी वाचलं. ते नक्षलवादाच्या धोक्यापासून सुरू होतं आणि तो धोका खोटा नाही. १ मे २०१९ ला, महाराष्ट्र दिनी, गडचिरोलीत जांभुळखेड्याजवळ भूसुरुंगात आपले पंधरा पोलीस आणि त्यांच्या गाडीचा चालक मारले गेले. त्यांच्या घरच्यांना नक्षलवाद म्हणजे काय हे मी समजावून सांगण्याची गरज नाही. पण विधेयकाच्या हेतुकथनात सध्याचे कायदे अपुरे आहेत असं म्हटलं असलं, तरी भूसुरुंग पेरणाऱ्याला शिक्षा द्यायला कायदा कमी पडत नाही. यूएपीए १९६७ पासून आहे आणि वेळोवेळी कडक होत गेला आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ११३ आलं, म्हणजे दहशतवादी कृत्य हा आता सर्वसाधारण फौजदारी कायद्यातलाच गुन्हा आहे.

नव्या विधेयकाचा रोख आहे तो ‘बेकायदेशीर कृत्या’च्या व्याख्येवर. बंदुका, स्फोटकं, हिंसा हे तिच्यात आहेच. पण त्याच यादीत सार्वजनिक सुव्यवस्थेत हस्तक्षेप करणारी ‘किंवा करण्याची प्रवृत्ती असलेली’ कृती आहे, कायद्याने स्थापन झालेल्या संस्थांच्या कामात अडथळा आहे, रेल्वे, रस्ते, जलमार्ग, हवाई वाहतूक विस्कळीत करणं आहे, आणि प्रस्थापित कायद्याची अवज्ञा करायला उत्तेजन देणं किंवा तसा उपदेश करणंही आहे. हे सगळं बोलून, लिहून, खुणेने किंवा चित्राने केलं तरी चालतं. अशा कृत्याला सात वर्षांपर्यंत कैद, पाच लाखांपर्यंत दंड. बेकायदेशीर ठरवलेल्या संघटनेचा सदस्य असणं, तिच्या बैठकीला जाणं, तिला वर्गणी देणं यालाही तीन वर्षांपर्यंत. सर्व गुन्हे दखलपात्र आणि अजामीनपात्र.

तुमची निवडणुकीतली प्रतिज्ञापत्रं सार्वजनिक आहेत. गुन्ह्यांच्या रकान्यात रास्ता रोको, रेल रोको, सरकारी कामात अडथळा, जमावबंदीचा भंग हे गुन्हे किती जणांच्या नावापुढे आहेत, ते स्वतःच पाहा. दूधदरासाठी टँकर अडवणारे, कांद्यासाठी महामार्गावर बसणारे, ऊसदरासाठी कारखान्याचं गेट बंद करणारे आजचे अनेक आमदार त्याच रस्त्यावरून विधानभवनात पोहोचले. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. पण त्या दिवशी हा मजकूर कायद्याच्या पुस्तकात असता, तर तुमच्या संघटनेचं काय करायचं हे गृहखात्याच्या एका अधिसूचनेवर ठरलं असतं.

संयुक्त समितीकडे बारा हजारांवर सूचना आणि हरकती आल्या. त्यानंतर तीन बदल झाले, हे मी नाकारत नाही. उद्दिष्टात व्यक्ती आणि संघटना या मोघम शब्दांऐवजी कडव्या डाव्या आणि तशाच स्वरूपाच्या संघटनांचा उल्लेख आला. तपास उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याकडे गेला. सल्लागार मंडळाच्या अध्यक्षपदी उच्च न्यायालयाचे आजी किंवा माजी न्यायाधीश आले. पण ज्या व्याख्येवर माणूस पकडला जाणार, ती होती तशीच राहिली, आणि ‘तशाच स्वरूपाच्या’ या दोन शब्दांत कोण बसतं हे सरकारच ठरवणार.

सरकारचं म्हणणं मी गांभीर्याने ऐकलं आहे. आधी संघटनेवर बंदी येईल, मंडळ ती तपासेल, मगच पुढे. म्हणून हा कायदा यूएपीएपेक्षा सौम्य, असा तो युक्तिवाद आहे. पण बंदी तातडीने लागू करता येते. ‘सार्वजनिक हिताला बाधक’ वाटणारी माहिती उघड करण्याचं बंधन सरकारवर नाही. मंडळाचं मत यायला काही महिने जातात आणि तोवर कार्यालयाला कुलूप लागलेलं असतं. शिवाय मंडळाच्या तीन सदस्यांत निवृत्त जिल्हा न्यायाधीशांबरोबर उच्च न्यायालयातले सरकारी वकील आहेत. ज्या पक्षाने बंदी घातली, त्याच पक्षाचा वकील बंदी योग्य होती का हे ठरवायला बसणार. माझ्या न्यायालयात एखाद्या पक्षकाराने अशी मागणी केली तर न्यायाधीश ती ऐकूनही घेणार नाहीत.

हे प्रत्यक्षात कसं चालतं, ते पाहायला फार लांब जायला नको. गडचिरोलीच्या पलीकडे, इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड लागतं. तिथे २००५ चा याच नावाचा, जवळपास याच भाषेतला कायदा आहे. १४ मे २००७ ला बालरोगतज्ज्ञ आणि मानवाधिकार कार्यकर्ते डॉ. बिनायक सेन यांना त्याखाली अटक झाली. सर्वोच्च न्यायालयाने जामीन द्यायला दोन वर्षं लागली. ऑक्टोबर २०२४ मध्ये त्याच कायद्याखाली ‘मूलवासी बचाओ मंच’ या आदिवासी तरुणांच्या संघटनेवर बंदी आली. २०२१ मध्ये सिलगेर इथे सुरक्षा दलाच्या छावणीविरुद्ध झालेल्या आंदोलनातून हा मंच उभा राहिला होता. बंदीच्या अधिसूचनेत कारण दिलं होतं की मंच विकासकामांना आणि छावण्यांना विरोध करतो आणि लोकांना चिथावतो. बंदूक, स्फोटक, खून असा आरोप त्या कारणात नव्हता.

आता नदीच्या अलीकडे या. एटापल्ली तालुक्यात तोडगट्ट्याला २०२३ मध्ये ग्रामसभांनी खाणींविरुद्ध कित्येक महिने ठिय्या दिला. त्यांचा विरोध बरोबर की चूक यावर तुमचं-माझं मत वेगळं असू शकतं. पण पेसा आणि वनहक्क कायद्याने ज्या ग्रामसभेला बोलण्याचा हक्क दिला, तिच्या आंदोलनाला नव्या व्याख्येतल्या ‘अडथळ्या’पासून कोण वाचवणार? आत्मसमर्पण करून मुख्य प्रवाहात या, असं सरकार गेली अनेक वर्षं सांगत आहे आणि लोक येतही आहेत. ऑक्टोबर २०२५ मध्ये माओवाद्यांचा वरिष्ठ नेता भूपती साठ साथीदारांसह गडचिरोलीत शरण आला. अशा वेळी बंदूक नाकारून ठिय्या देणाऱ्याची जागा तरी मोकळी ठेवा, एवढंच माझं म्हणणं आहे.

अशा कायद्यांचा इतिहास आपल्याला नवा नाही. १९०८ च्या जूनमध्ये, मुझफ्फरपूरच्या बॉम्बनंतर, इंग्रज सरकारने स्फोटक पदार्थांचा कायदा आणि वर्तमानपत्रांचा कायदा बरोबरच केले. त्यावर टिळकांनी ‘केसरी’त ‘हे उपाय टिकाऊ नाहीत’ हा अग्रलेख लिहिला, आणि तो त्यांच्यावरच्या राजद्रोहाच्या खटल्यात आरोपाचा भाग झाला. २२ जुलै १९०८ ला मुंबई उच्च न्यायालयात त्यांना सहा वर्षांची शिक्षा झाली, ते मंडालेला गेले. बॉम्बचा निषेध करूनही सरकारच्या उपायावर टीका करता येते, हे त्या खटल्यातल्या ज्युरीतल्या बहुमताला पटलं नाही. तो स्फोटक पदार्थांचा कायदा अजून लागू आहे. लोकल स्फोटांच्या आणि मालेगावच्या दोषारोपपत्रातही तो होता.

निदान टाडा आणि पोटा या केंद्राच्या जुन्या दहशतवादविरोधी कायद्यांना मुदत होती. टाडा दर दोन वर्षांनी संसदेपुढे यायचा. मे १९९५ मध्ये संसदेने मुदत वाढवली नाही आणि तो संपला. तोवर त्याखाली पंच्याहत्तर हजारांहून जास्त लोक पकडले गेले होते, आणि शिक्षा झालेल्यांचं प्रमाण नगण्य होतं. पण निदान खासदारांना दर दोन वर्षांनी हात वर करून सांगावं लागत होतं की हा कायदा आम्हाला अजून हवा आहे. मोक्काला अशी मुदत नाही. जनसुरक्षेलाही नाही.

म्हणून माझी तुम्हाला विनंती आहे की पुढच्या अधिवेशनात दुरुस्ती विधेयक आणा. व्याख्येतून ‘प्रवृत्ती’ आणि ‘अवज्ञेला उत्तेजन’ हे भाग काढा, आणि हिंसा किंवा हिंसेची ठोस तयारी असल्याशिवाय गुन्हा होणार नाही असं स्पष्ट लिहा. शांततामय रास्ता रोको, संप, ग्रामसभेचा ठराव वगळा. सल्लागार मंडळात सरकारी वकिलाच्या जागी विद्यमान न्यायाधीश नेमा आणि सुनावणी खुली ठेवा. तीन वर्षांची मुदत घाला, म्हणजे ती संपताना तुम्हालाच नावानिशी मत नोंदवावं लागेल. आवाजी मतदान तेव्हा चालायला नको.

आणि पैसे खर्च करायचेच असतील तर प्रयोगशाळांवर करा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेने सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या प्रत्येक गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाणं बंधनकारक केलं आहे आणि राज्यांना त्यासाठी पाच वर्षांची सवलत दिली आहे. ती पाच वर्षं जुलै २०२४ पासून मोजली जात आहेत. प्रत्येक तालुक्याला सीलबंद पाकिटाची कदर असलेला माणूस मिळाला, साक्षीदाराला कोर्टात येताना भीती वाटली नाही, सरकारी वकिलाच्या टेबलावर रोज पन्नास फायली नसल्या, तर पुढच्या स्फोटाचा खटला एकोणीस वर्षं चालणार नाही.

त्याआधी एक साधं काम करता येईल. गृहखात्याला एक तारांकित प्रश्न विचारा : १९९९ पासून मोक्काखाली दहशतवादाच्या किती प्रकरणांत किती जणांना अटक झाली, किती जण दोषी ठरले, किती निर्दोष सुटले, सुटलेल्यांनी सरासरी किती वर्षं तुरुंगात काढली, आणि चुकीच्या तपासाबद्दल किती अधिकाऱ्यांची चौकशी झाली. उत्तर सभागृहाच्या पटलावर येऊ द्या, त्यानंतर नव्या कायद्यावर बोलू. तुमच्यापैकी कोणत्याही पक्षाचा कुणीही सदस्य हा प्रश्न विचारायला तयार असेल, तर त्याचा मसुदा आणि उपप्रश्न करून द्यायला मी आजपासून तयार आहे.

कळावे,

आपला,
जिल्हा न्यायालयात फौजदारी वकिली करणारा एक मतदार